सिटी कॉलेजवरची टांगती तलवार : सॅन फ्रान्सिस्कोच्या मानांकन-वादाची पार्श्वभूमी

आपल्याकडे नॅकची श्रेणी घसरली तर कॉलेजचं नाव खराब होतं, निधीच्या काही वाटा आखडतात, पण वर्ग भरायचे ते भरतातच. अमेरिकेत तसं नाही. तिथे मानांकन गेलं की विद्यार्थ्यांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज बंद होतं, राज्याकडून येणारा पैसा अडतो आणि तिथे मिळवलेली क्रेडिट्स पुढचं विद्यापीठ मान्य करेल याची शाश्वती राहत नाही. थोडक्यात, कॉलेजला टाळं लागतं. म्हणून मानांकन संस्थेने नुसती कारवाईची भाषा केली तरी गावभर घबराट होते.

ही घबराट सर्वांत जास्त गाजली ती सॅन फ्रान्सिस्कोत, २०१२ ते २०१७ या काळात. १९३५ साली सुरू झालेलं तिथलं सिटी कॉलेज हे कम्युनिटी कॉलेज आहे. म्हणजे सार्वजनिक, कमी फीचं, प्रवेशपरीक्षा नसलेलं. पहिली दोन वर्षं इथे करून पुढे मोठ्या विद्यापीठात जाणारी मुलं इथे असतात, नर्सिंग आणि वाहनदुरुस्ती शिकणारे असतात, आणि दिवसभर हॉटेलात राबून संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला येणारे स्थलांतरितही असतात. चायनाटाउन, मिशन अशा वस्त्यांमध्ये त्याची केंद्रं आहेत. मुख्य आवारातल्या नाट्यगृहात दिएगो रिव्हेराने १९४० साली रंगवलेलं प्रचंड भित्तिचित्र अनेक दशकं होतं. वादाला तोंड फुटलं तेव्हा इथे सुमारे ८५ हजार विद्यार्थी शिकत होते.

मानांकन संस्थांच्या हाती एवढी सत्ता आली कशी, हे आधी पाहायला हवं. अमेरिकेत या संस्था सरकारी नाहीत. कॉलेजांनीच एकत्र येऊन त्या उभ्या केल्या. हेतू हा, की प्राध्यापकांनी आणि प्राचार्यांनी एकमेकांच्या संस्था तपासाव्यात, चुका दाखवाव्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारने पैसा ओतला आणि तो लुटायला बोगस शाळा उगवल्या. म्हणून १९५२ च्या, कोरियन युद्धातल्या सैनिकांसाठीच्या कायद्यात सरकारने मानांकनाचा आधार घेतला. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने केंद्राची आर्थिक मदत सर्वसाधारण विद्यार्थ्यांपर्यंत नेली आणि ही सांगड पक्की झाली. सल्ला देणारी संस्था अशा रीतीने तिजोरीची राखणदार झाली. माझ्या मते पुढच्या सगळ्या भांडणांचं मूळ इथेच आहे, कारण आपसातल्या तपासणीसाठी बनवलेली बंद दाराआडची पद्धत तशीच राहिली आणि तिच्या निर्णयाचं वजन मात्र कैक पटींनी वाढलं.

कॅलिफोर्नियातल्या शंभरावर कम्युनिटी कॉलेजांसाठी हे काम 'एसीसीजेसी' हा आयोग करतो. राज्याच्या नियमानुसार कॉलेजांना याच आयोगाचं मानांकन घेणं भाग होतं. दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. कारवाईच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. आधी ताकीद, मग परिवीक्षा (प्रोबेशन), मग 'कारणे दाखवा' आणि शेवटी मान्यता रद्द. आयोग कडक म्हणून ओळखला जायचा. राज्याच्या लेखापरीक्षकांनी जून २०१४ मध्ये दिलेल्या अहवालात पाच वर्षांचे आकडे मांडले. कॅलिफोर्नियात आयोगाच्या कारवाईचं प्रमाण सुमारे ५३ टक्के होतं, देशातल्या इतर प्रादेशिक मानांकन संस्थांचं १२ टक्क्यांच्या आसपास. कॅलिफोर्नियाची कॉलेजं इतरांपेक्षा चौपट वाईट होती, असं मानायला मन तयार होत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांना भीती वाटण्याचं आणखी एक कारण होतं, कॉम्प्टन. लॉस एंजेलिसजवळच्या या गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्तीतल्या कॉलेजचं मानांकन याच आयोगाने २००५ मध्ये काढलं होतं. तिथे आर्थिक गैरकारभार खरोखरच झाला होता. पण कॉलेज वाचवायचं तर शेजारच्या एल कॅमिनो कॉलेजचं केंद्र म्हणून नांदण्यावाचून पर्याय उरला नाही. स्वतःचं मानांकन परत मिळायला २०१७ साल उजाडलं. बारा वर्षं!

आता सिटी कॉलेजकडे वळू. २००६ च्या तपासणीत आयोगाने काही सुधारणा सुचवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच तशाच पडून राहिल्या, हे कॉलेजलाही नाकारता आलं नाही. २००८ च्या मंदीनंतर राज्याने निधी कापला, तेव्हा कॉलेजने शिक्षक आणि वर्ग कमी करण्याऐवजी गंगाजळीला हात घातला. खर्चाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पगार आणि लाभांवर जात होता. मला तो निर्णय माणुसकीचा वाटतो, पण हिशेबाच्या वहीत तो बसणारा नव्हता. जुलै २०१२ मध्ये आयोगाचं पत्र आलं. ताकीद आणि परिवीक्षा या दोन्ही पायऱ्या ओलांडून थेट 'कारणे दाखवा'. पत्रात १४ सूचना होत्या : नियोजन, शिल्लक निधी, प्रशासनाची रचना, अध्ययन निष्पत्तीच्या, म्हणजे विद्यार्थी नेमकं काय शिकले याच्या, नोंदी वगैरे. इथलं शिकवणं वाईट आहे, असा मुख्य आक्षेप नव्हताच; रोख होता कारभारावर आणि पैशावर.

शहर कॉलेजच्या पाठीशी उभं राहिलं. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी प्रत्येक मिळकतीवर वर्षाला ७९ डॉलरचा कर स्वतःवर लादून घेतला, फक्त कॉलेजसाठी. तरीही ३ जुलै २०१३ रोजी आयोगाने जाहीर केलं, की ३१ जुलै २०१४ पासून मान्यता रद्द होईल. काही दिवसांतच राज्याच्या नियामक मंडळाने निवडून आलेल्या विश्वस्तांचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताच्या हाती दिले. मतदारांनी कर दिला आणि त्यांच्याच प्रतिनिधींचा आवाज बंद झाला. आंदोलनात जो राग दिसला त्यात याचा वाटा मोठा होता.

दरम्यान शिक्षकांच्या संघटनेने केंद्रीय शिक्षण खात्याकडे जवळपास ३०० पानांची तक्रार केली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये खात्याने उत्तर दिलं आणि पारडं फिरलं. तपासणी पथकात शिकवणारे लोक पुरेसे नव्हते. 'सुधारणेची सूचना' आणि 'नियमभंग' यांतला फरक आयोगाने स्पष्ट ठेवला नव्हता. आणि आयोगाच्या अध्यक्ष बार्बरा बेनो यांचे पतीच तपासणी पथकात होते. यातून हितसंबंधांच्या संघर्षाचा आभास निर्माण होतो, असं खात्याने म्हटलं. इतरांच्या कारभारातली शिस्त तपासणाऱ्या संस्थेने हे होऊ द्यायला नको होतं.

त्याच महिन्यात शहराचे वकील डेनिस हेरेरा यांनी आयोगावर दावा लावला. सर्वांसाठी खुल्या शिक्षणाचं धोरण कॉलेजने धरून ठेवलं म्हणून आयोगाने आकस धरला, असा त्यांचा आरोप होता. २ जानेवारी २०१४ रोजी न्यायमूर्ती कर्टिस कार्नो यांनी मान्यता रद्द करायला तात्पुरती मनाई केली. कॉलेज बंद पडलं तर विद्यार्थी, शिक्षक आणि शहर यांचं भरून न येणारं नुकसान होईल, हे त्यांनी मानलं. ऑक्टोबरात खटला चालला. २०१५ च्या सुरुवातीला आलेल्या निकालात आकसाच्या आरोपापेक्षा कार्यपद्धतीला महत्त्व मिळालं. पथकाने न काढलेले दोष आयोगाने स्वतः वाढवले आणि त्यांवर बाजू मांडायची संधीच दिली नाही, हे बेकायदा ठरलं. पण न्यायमूर्तींनी आयोगाचा निर्णय सरळ रद्द केला नाही. आपलं म्हणणं मांडायची संधी कॉलेजला द्या, एवढाच आदेश दिला. हे भान मला योग्य वाटतं. कॉलेज चांगलं की वाईट हे न्यायालयाने ठरवू लागणं कुणाच्याच हिताचं नव्हतं.

तोवर आयोगाने 'पुनःस्थापना' नावाची नवी वाट काढली होती. कॉलेजला त्यातून दोन वर्षं मिळाली आणि जानेवारी २०१७ मध्ये पूर्ण सात वर्षांसाठी मानांकन कायम झालं. त्याच्या महिनाभर आधी बेनो यांना रजेवर पाठवण्यात आलं होतं. एकाच आयोगाची सक्ती करणारा राज्याचा नियमही पुढे सैल झाला.

पण 'बंद पडणारं कॉलेज' ही बातमी फिरल्यावर जे हजारो विद्यार्थी गेले, त्यातले सगळे परतले नाहीत. राज्याचा निधी विद्यार्थिसंख्येवर मिळतो. काही वर्षं विशेष कायद्याने तो टिकवून धरला, नंतर तो आधार सुटला. २०१७ च्या शरद सत्रापासून शहरातल्या रहिवाशांना शिक्षण मोफत झालं, तरी २०२० च्या वसंत सत्राच्या तोंडावर शेकडो वर्ग रद्द करावे लागले. आणि जानेवारी २०२४ मध्ये याच आयोगाने सिटी कॉलेजला पुन्हा ताकीद दिली. यावेळीही आक्षेप होते ते आर्थिक नियोजनावर आणि विश्वस्त मंडळाच्या कारभारावर.