कुटुंबांना विचारून मानसिक आरोग्याचे अग्रक्रम ठरवणं (मुंबई)

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांनी सरकारकडे, पालिकेकडे, विमा कंपन्यांकडे आधी काय मागायचं आणि कशासाठी थांबायचं हे ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा जुनाट डिप्रेशन आहे त्या लोकांना सोबत बसवून ठरवायचं, अशी ही पद्धत. सपोर्ट ग्रुपांमध्ये आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, इथेही तसंच म्हटलंय. मागण्या ढीगभर, पाठपुरावा करणारे मूठभर, त्यात मंत्रालयात साहेबांची वेळ मिळालीच तर दहा मिनिटं, त्यामुळे यादी छोटी करावीच लागते आणि ती कोणी छोटी करायची इथून सगळी गंमत सुरू होते.

कुटुंबांनी स्वतः उभं राहायची परंपरा तशी जुनी आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये १९७९ मध्ये नामी ही संघटना सुरू झाली ती मुख्यतः पालकांमुळे. आपल्याकडे पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केली, ते स्वतःच शुभंकर होते, त्यांच्या पत्नीला हा आजार होता. क्रम लावायची नीट बांधलेली रीत म्हणाल तर ब्रिटनमधल्या जेम्स लिंड अलायन्सची, २००४ पासूनची, त्यात पेशंट, सांभाळणारे आणि डॉक्टर एकत्र बसून पहिले दहा प्रश्न काढतात. ते प्रश्न संशोधनाचे असतात, सरकारकडे मागायचे नसतात, पण डॉक्टरचं मत आणि आईचं मत एकाच वजनाने मोजायचं ही गोष्ट तिथून उचलण्यासारखी आहे.

प्रत्यक्षात करतात काय, तर आधी प्रत्येकाने गप्प बसून आपले तीन-चार मुद्दे चिठ्ठीवर लिहायचे, मग एकेकाने एकच मुद्दा वाचायचा, सारखे मुद्दे एकत्र करायचे, आणि शेवटी प्रत्येकाला ठरावीक टिकल्या देऊन तक्त्यावर चिकटवायला सांगायचं. चिठ्ठी आधी का, तर थेट चर्चा सुरू केली की रिटायर्ड काका बोलत राहतात आणि ज्या काकू रोज गोळ्या देतात त्या "ह्यांनी सांगितलं तेच" म्हणून मोकळ्या होतात. भावंडांना वेगळं बसवलं तर आणखी बरं, आईवडिलांसमोर बहीण कधीच म्हणणार नाही की पुढे हे माझ्यावरच येणार आहे आणि मला त्याची धास्ती वाटते.

आता मुख्य मुद्दा. संस्थांची यादी आणि घरच्यांची यादी जुळत नाही. संस्थांना जनजागृती हवी असते, १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाला रॅली, कॉलेजात व्याख्यानं, हेल्पलाइन. वाईट काहीच नाही त्यात, टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून चालू आहे आणि तो लोकांना माहीत असायलाच हवा. पण ज्या घरात आजाराला पंधरा वर्षं झालीत त्यांना जागृती करून काय देणार, ते जागेच आहेत, रात्र रात्र. त्यांची पहिली टिकली जवळजवळ ठरलेली असते: आमच्यानंतर याचं कोण बघणार?

या एका प्रश्नाच्या पोटात बरंच काही आहे. १९९९च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता येतात, मानसिक आजार येत नाही, म्हणजे त्या कायद्याखाली कायदेशीर पालक नेमायची सोपी वाट आणि निरामय हा आरोग्य विमा दोन्ही या घरांना बंद. वडील रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत होते तर कमवू न शकणाऱ्या मुलाला आयुष्यभर फॅमिली पेन्शन मिळू शकतं, वडील हयात असतानाच त्याचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, घालता येतं, पण हे कित्येक घरांना ग्रुपमध्ये आल्यावरच कळतं. आणि राहायची सोय? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ मध्ये हाफवे होम (रुग्णालयातून सुटल्यावर घरी जाण्याआधी राहायची जागा) आणि आश्रित निवास (देखरेखीत राहायची सोय) सरकारने द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय, मात्र २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाला महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की बरे झालेले लोक मनोरुग्णालयातून काढून भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात पाठवू नका. मुंबईत वन रूम किचनमध्ये चार माणसं राहतात, तिथे बऱ्या झालेल्या माणसाला घरी आणायचं म्हणजे झोपायचं कुठे इथपासून सुरुवात, त्यामुळे नातेवाईक नेत नाहीत म्हणून नुसती नावं ठेवण्यात अर्थ नाही.

विम्याचंही तसंच. त्याच कायद्याच्या कलम २१ मध्ये शारीरिक आजारासारखाच मानसिक आजाराचाही विमा द्यायचा असं आहे, ऑगस्ट २०१८ मध्ये आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, कंपन्यांना तसं कळवलं, चळवळीचा हा मोठा विजय मानला जातो आणि तो आहेच. फक्त या आजाराचा बहुतेक खर्च ओपीडीचा, म्हणजे डॉक्टरची फी, दर महिन्याच्या गोळ्या, क्लोझापिन ही गोळी चालू असेल तर रक्ताची तपासणी, आणि साधी मेडिक्लेम पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देते. घरच्यांना विचारलं असतं तर ओपीडीचा मुद्दा पहिल्याच दिवशी वर आला असता असं माझं मत. पालिकेच्या रुग्णालयात, केईएम, सायन, नायर, कूपर, तपासणी स्वस्तात होते, पण गोळी स्टॉकमध्ये नसली की बाहेरून आणायची चिठ्ठी मिळते, आणि दोन-तीन महिने बाहेरून आणणं परवडत नाही म्हणून गोळ्या सुटतात, मग रिलॅप्स, म्हणजे आजार पुन्हा उलटतो.

अपंगत्वाच्या दाखल्याचा मुद्दाही यादीत वरच असतो. अपंगत्वाचं प्रमाण आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर काढतात, स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि समज, काम, शिवाय आजार किती वर्षांचा. ४० टक्के भरले तर २०१६च्या दिव्यांग कायद्याचे फायदे, जुन्या पद्धतीने टॅक्स भरणाऱ्या पालकांना ७५,००० रुपयांची वजावटही. अडचण अशी की बायपोलरचा माणूस तपासणीच्या दिवशी अगदी व्यवस्थित असू शकतो, आणि दुसरी म्हणजे कित्येक घरांना हा दाखला नकोच असतो, धाकटीचं लग्न जमायचंय.

म्हणून मुंबईत अशी बैठक घ्यायची तर गुप्तता आधी बघावी लागते. बोर्डावर मनोरुग्ण वगैरे शब्द नको, घरी पत्र पाठवू नये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव साधं ठेवायचं. जागा दादरच्या आसपास म्हणजे वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हीकडच्यांना जमतं, दिवस रविवार, पण मेगाब्लॉक बघून. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी दुसरी खोली, कारण शुभार्थीला घरी एकटं ठेवून येता येत नाही, ही सोय नसली की येतात ती फक्त जरा बरी चाललेली घरं आणि यादीही त्यांचीच होते.

आणि शुभार्थी स्वतः? तोही घरच्यांमध्ये धरला जातो, ही या पद्धतीतली खरी खोट. घरचे म्हणतात अ‍ॅडमिट करणं सोपं करा, तो ऐकत नाही, अंगावर येतो, अँब्युलन्सवाले हात लावत नाहीत आणि पोलीस म्हणतात आधी डॉक्टरचं लिहून आणा. शुभार्थी म्हणतात मला न विचारता उचलून नेलं होतं, ते पुन्हा नको. २०१७चा कायदा बराचसा शुभार्थींच्या बाजूने आहे, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयात साथ देणारा माणूस) ते स्वतः निवडू शकतात आणि तो वडीलच असावा असं नाही, उपचार कसे हवेत हे आधीच लिहूनही ठेवता येतं. दोघांच्या टिकल्या एकाच तक्त्यावर लावल्या तर संख्येने घरचे जिंकतात, म्हणून दोन तक्ते करावेत, दोन्हीकडे वर आलेलं आधी घ्यावं (राहायची सोय, गोळ्या, काम हे तिन्ही बहुधा येतात) आणि भांडणाचा मुद्दा भांडणाचा म्हणूनच लिहावा.

यादी झाली की ती न्यायची कुठे हेही ठरलेलं असावं. गोळ्यांचा मुद्दा पालिकेकडे, हाफवे होम राज्याच्या आरोग्य खात्याकडे, ओपीडी विमा आयआरडीएआयकडे. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात कायद्याने दोन जागा शुभार्थींच्या आणि दोन शुभंकरांच्या आहेत, जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळातही अशा सदस्यांना जागा आहे, तेव्हा त्या खुर्च्यांवर कोण बसलंय आणि त्यांनी ही यादी वाचलीय का, हे विचारायचा हक्क टिकली लावणाऱ्या प्रत्येकाला आहे.