मोठा श्वास आणि संथ श्वास, दोन्ही एक नाहीत

टेन्शन आलं की जो तो सांगतो, "मोठा श्वास घे." दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी भाचीला आम्ही घरातल्या सगळ्यांनी हेच सांगितलं आणि ती बिचारी खांदे उचलून तोंडाने भराभर हवा ओढत बसली, दोन मिनिटांत म्हणते, "मावशी, गरगरतंय, बोटांना मुंग्या आल्यात." तिचं काही चुकलं नव्हतं, आमचं सांगणंच चुकीचं होतं.

मोठा म्हणजे एका वेळी किती हवा घेता, संथ म्हणजे मिनिटाला किती वेळा घेता. एरवी आपण मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. वेग तोच ठेवून प्रत्येक श्वास मोठा केला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं, ओठ झिणझिणतात, आणि त्यात वाटतं की हवाच पुरत नाहीये, मग माणूस अजून जोरात ओढतो. खरं तर ऑक्सिजन कमी पडलेलाच नसतो.

संथ श्वासात हवा नेहमीइतकीच किंवा जराशी जास्त, फक्त वेळ लांबवायचा. नाकाने ५ सेकंद आत, ५ सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला ६. मनगटावर नाडी धरून करून बघा, आत घेताना ठोके किंचित भरभर आणि सोडताना सावकाश पडतात, कारण सोडताना व्हेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी एक नस, हृदयाला ब्रेक लावते. म्हणूनच ज्यांना जमतं ते सोडायचा वेळ थोडा जास्त ठेवतात. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली छापलेल्या अभ्यासात रोझरीची (ख्रिस्ती जपमाळेची) लॅटिन प्रार्थना किंवा 'ओम मणि पद्मे हुम' हा बौद्ध मंत्र म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला ६ च्या आसपास आला होता! जपमाळ घेऊन बसणारी आपली आज्जी आठवली मला.

कपालभाती यात धरू नका, ती भराभर झटके देऊन करायची क्रिया आहे, हठयोगप्रदीपिका या योगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मात, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत येते. आणि छातीत दुखत असेल किंवा खरंच दम लागत असेल तर श्वास मोजत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा.

दुसऱ्या पेपरला भाचीला एवढंच सांगितलं, पोटावर हात ठेव, तोंड बंद, आणि आत घेताना पाच, सोडताना पाच मोज. रिक्षात शाळा येईपर्यंत ती बोटांच्या पेरांवर मोजत होती.