दुसरा अल्बम पडतोच?

‘पहिला अल्बम गाजला की दुसरा पडतोच’ हा मेसेज अहिराणी गाण्यांना गिटार-ड्रमची जोड देणाऱ्या आपल्या पोरांना हमखास येतो. असं वाटणं साहजिक आहे. पण दुसऱ्या अल्बमकडे लक्ष जातं ते पहिला तुफान चाललेल्यांच्याच. तुफान चालण्यात मेहनतीसोबत थोडं नशीब असतं, ते दर वेळी तेवढं नसतं. कपाशी एका वर्षी विक्रमी पिकली आणि पुढच्या वर्षी जरा कमी भरली, म्हणून जळगावचा शेतकरी जमिनीला शाप लागला म्हणत नाही.

घरी फासा टाकून बघा. सहा पडला की पुन्हा एकदा टाका. बहुतेकदा आकडा उतरेल. एक पडल्यावर पुन्हा टाकलात तर बहुतेकदा चढेल. फासा तोच!

दुसरा अल्बम घाईत होतो हा भाग वेगळा, तो खरा आहे: पहिल्याची गाणी वर्षानुवर्षं मुरलेली असतात, दुसऱ्याला तेवढी सवड क्वचितच मिळते.