रोबोटचा कोड बरोबर, तरी रोबोट जागचा हलत का नाही?

बडोद्यात हल्ली रोबोट बनवणारी पोरं बरीच दिसतात. मकरपुरा जीआयडीसीतून पत्रा कापून आणतात, मोटरा ऑनलाइन मागवतात, दांडिया बाजारात कुणाच्या तरी माडीवर रात्र रात्र सोल्डरिंग चालतं, आणि एवढं सगळं उभं राहिलं की गाडी अडते सॉफ्टवेअरपाशी. स्वतः लिहिलेला कोड धड असतो, पण तो ज्या दुसऱ्या सॉफ्टवेअरांच्या जिवावर चालतो त्यांचं आपसात जमत नाही. डिपेंडन्सीचा प्रॉब्लेम म्हणतात तो हाच. मी ह्या पोरांच्यात बसतो, आणि मला मनापासून वाटतं की हा विषय कॉलेजात नीट शिकवायला पाहिजे, कारण चांगली हुशार पोरं इथे वैतागून रोबोटिक्स सोडून देतात.

बहुतेक सगळे रॉस वापरतात, म्हणजे रोबोटचे मोटर, कॅमेरा असे वेगवेगळे भाग एकमेकांशी जोडून देणारी तयार सॉफ्टवेअरची चौकट. रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम असं नाव असलं तरी ती ऑपरेटिंग सिस्टिम नाहीये, ती उबंटू नावाच्या लिनक्सवर बसते, आणि प्रत्येक आवृत्तीची उबंटू ठरलेली असते. २०२० ची नोएटिक उबंटू २०.०४ साठी, २०२२ ची हंबल २२.०४ साठी, २०२४ ची जॅझी २४.०४ साठी. उबंटू बदलली की आतली पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही बदलते, २०.०४ मध्ये ३.८, २२.०४ मध्ये ३.१०, २४.०४ मध्ये ३.१२. आता एखाद्याने नोएटिकचा जुना व्हिडिओ बघून हंबलवर कमांड मारल्या तर पॅकेज सापडत नाही असंच उत्तर येणार, त्यात कॉम्प्युटरची काय चूक.

म्हणून सुरुवात हार्डवेअरपासून करायची. रास्पबेरी पाय ५ हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड घेतलात तर त्यावर उबंटू २२.०४ चालतच नाही, त्या बोर्डाला उबंटूचा सपोर्ट २३.१० पासून आला, म्हणजे तुमची उबंटू २४.०४ आणि रॉस जॅझी, विषय संपला. एनव्हिडियाच्या जेटसन ओरिन नॅनो बोर्डावर त्यांचं जेटपॅक ६ हे सॉफ्टवेअर टाकलं तर खाली २२.०४ असते, मग हंबल. बोर्ड विकत घेतला त्याच दिवशी रॉसची आवृत्ती ठरून जाते. हे पोरांना आधी कुणी सांगत नाही आणि मग सीनियरकडून आणलेला हंबलचा कोड पाय ५ वर चढवायला महिना जातो.

आता एक एरर जरा जवळून बघू, कारण ही मी सगळ्यात जास्त वेळा बघितलीय. एका पोराचा बॉल ओळखणारा रोबोट, हंबल, कॅमेरा लावलेला. "काका, काल मस्त चालत होतं हो, कोडला तर हातसुद्धा लावला नाही!" स्क्रीनवर लांबलचक लाल मजकूर, आणि शेवटी 'ॲरे एपीआय नॉट फाउंड'. कोडला हात लावला नाही हे अगदी खरं होतं. पण बॉल ओळखण्यासाठी पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या प्रोग्रामने, एक मशीन लर्निंगची लायब्ररी टाकली होती, तिने येताना आपल्यासोबत नवीन नमपाय, म्हणजे आकडेमोडीची लायब्ररी, आणली, २ नंबरची.

उबंटू २२.०४ ची स्वतःची नमपाय १.२१ आहे. रॉसचा सीव्ही ब्रिज, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र ओपनसीव्ही ह्या चित्रं हाताळणाऱ्या लायब्ररीला समजेल अशा रूपात देणारा तुकडा, तो त्या १.२१ वर कंपाइल झालेला. कंपाइल होणं म्हणजे काय, तर सी प्लस प्लसचा कोड मशीनच्या भाषेत जातो तेव्हा त्यात नावं उरत नाहीत, उरतात फक्त जागा, की अमुक माहिती सुरुवातीपासून इतक्या बाइटवर मिळेल. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आली, २००६ नंतरचा पहिला मोठा आकडा-बदल, आणि तिने मेमरीतल्या काही रचनाच बदलल्या. आता सीव्ही ब्रिज जुन्या पत्त्यावर गेला तर तिथे भलतंच काही बसलेलं असणार. वाट्टेल ते वाचून रोबोट भरकटण्यापेक्षा इम्पोर्ट होतानाच तो अडला हे बरंच झालं म्हणायचं.

पण जुनी नमपाय तर डिस्कवर तशीच होती ना, मग नवीनच का उचलली? कारण पिप आपलं सामान होम फोल्डरमधल्या डॉट लोकलमध्ये ठेवतो, एपीटी, म्हणजे उबंटूचा स्वतःचा पॅकेजेस टाकणारा प्रोग्राम, ठेवतो सिस्टिमच्या फोल्डरमध्ये, आणि पायथन आधी डॉट लोकलमध्ये बघतो. एकाच घरात दोघांनी एकमेकांना न विचारता किराणा भरावा तसं हे आहे, पिपला एपीटीचा हिशोब माहीत नसतो आणि एपीटीला पिपचा. म्हणून एरर आली की 'काय इन्स्टॉल करू' हा प्रश्न नंतरचा, आधी विचारायचं की बाबा, तू प्रत कुठली उचललीस? पायथन उघडा, नमपाय इम्पोर्ट करा, तिचा व्हर्जन आणि फाइलचा पत्ता प्रिंट करा. पत्त्यात डॉट लोकल दिसलं की चोर सापडला. मग पिपलाच सांगायचं की नमपाय २ च्या खालची दे, आणि पुढच्या वेळेपासून अशा लायब्ररींसाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या कामापुरता पायथनचा वेगळा कप्पा, सिस्टिमची पॅकेजेस दिसतील असा ऑप्शन देऊन बनवायचं, नाहीतर रॉसला लागणारी एपीटीची पायथन पॅकेजेस त्यात दिसणारच नाहीत. उबंटू २४.०४ मध्ये तर पिप सिस्टिमच्या पायथनमध्ये सरळ टाकायला नकारच देतो, त्यावर पोरं 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' लिहून पुढे जातात, नावातच काय ते सांगितलंय तरी.

ॲनाकोंडा, म्हणजे स्वतःचा वेगळा पायथन घेऊन येणारा संच, असेल तर तू कुठला हाच प्रश्न पायथनला विचारायचा. हंबलची रॉस पायथन लायब्ररी ३.१० साठी बनलीय, तिच्या फाइलच्या नावातच ३१० आकडा असतो, आणि कोंडाचा बेस, म्हणजे त्याचा मूळ कप्पा, चालू असेल तर टर्मिनल भलताच पायथन उचलतं, तिथे ती फाइल समोर असूनही सापडत नाही. कोंडाचा बेस बंद करा आणि टर्मिनल नवीन उघडा. बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल, तिच्यात दोन वेगवेगळ्या रॉस चालू करणाऱ्या सोर्सच्या ओळी तर नाहीत ना तेही बघा, आणि आवृत्ती बदलली असेल तर बिल्ड, इन्स्टॉल, लॉग ही तिन्ही फोल्डर उडवून कोल्कनने, म्हणजे रॉसचा कोड बिल्ड करणाऱ्या टूलने, पहिल्यापासून बिल्ड करा, जुने पत्ते त्यांच्यात साठून राहतात.

काही एरर डिपेंडन्सीच्या वाटतात पण नसतात. रॉसच्या पॅकेजेसवर सही करायची जी की असते तिची मुदत २०२१ मध्ये संपली होती आणि परत २०२५ मध्ये, त्या वेळी जगभर सगळ्यांचं अपडेट अडलं. तिथे काहीही उडवायचं नाही, नवीन की घ्यायची. दुसरी फार छळणारी, स्वस्तातल्या आर्डुइनो नॅनोवर सीएच ३४० ची चिप असते, आणि उबंटू २२.०४ वर तो लावला की पोर्ट क्षणभर दिसून गायब होतो. पोरं ड्रायव्हर परत परत टाकत बसतात. खरं कारण असं की ब्रेल डिस्प्ले चालवणारा बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्राम त्या चिपचा आयडी बघून तिला ब्रेलचं यंत्र समजतो आणि ताब्यात घेतो. डीमेसेज ह्या कमांडने सिस्टिमच्या नोंदी बघितल्या तर त्यांत त्याचं नाव स्पष्ट लिहून येतं. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर तो प्रोग्राम काढून टाकायचा, पोर्ट परत येतो.

आणि जे लागतं ते लिहून ठेवा हो. पॅकेज एक्सएमएल ह्या फाइलमध्ये नावं लिहिली की रॉसडेप हा रॉसचा प्रोग्राम दुसऱ्या लॅपटॉपवर तीच पॅकेजेस आपणहून आणतो, पिपवाल्यांचे नेमके व्हर्जन वेगळ्या फाइलमध्ये घ्या. स्पर्धेच्या आठवड्यात उबंटूचं आपोआप अपडेट बंद ठेवा, आणि रोबोट नीट चालला त्या दिवशीच एसडी कार्डाची पूर्ण इमेज काढून दुसऱ्या कार्डावर उतरवा, ते कार्ड रोबोटमध्ये घालून एकदा सुरू होतंय का तेही बघून घ्या.