विद्यापीठाच्या सामायिक सर्व्हरवर दुरून लॉगिन : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

विद्यापीठाच्या संगणक केंद्रातील सर्व्हर एकाच वेळी अनेकजण वापरत असल्याने त्यांवरील खाते मागताक्षणी मिळत नाही. अर्जदार कोण, त्याचे काम काय आणि त्याची जबाबदारी कोण घेणार, याची खातरजमा केंद्राला आधी करावी लागते. अर्जाचा नमुना विद्यापीठागणिक बदलतो. त्यामागची ही विचारणा मात्र सहसा बदलत नाही.

अध्यापक, संशोधक आणि पीएच.डी.चे विद्यार्थी सर्वसाधारणपणे पात्र असतात. पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला खाते बहुधा एखाद्या विषयाच्या किंवा प्रकल्पाच्या निमित्ताने, ठरावीक मुदतीपुरतेच दिले जाते. विद्यापीठाबाहेरील सहसंशोधकाला पाहुणे खाते मिळू शकते. त्यासाठी विद्यापीठातील एखाद्या अध्यापकाने त्याच्या वापराची जबाबदारी लेखी स्वीकारावी लागते.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत, मार्गदर्शकाची किंवा विभागप्रमुखाची संमती आणि वापराच्या नियमावलीवरील स्वाक्षरी मागितली जाते. पत्रव्यवहारासाठी विद्यापीठाचाच ईमेल पत्ता द्यावा. कामात रुग्णांची किंवा अन्य व्यक्तींची माहिती हाताळायची असेल, तर नैतिकता समितीची मंजुरीही जोडावी लागू शकते. कामाचे टिपण मात्र विचारपूर्वक लिहावे. ‘प्रबंधासाठी संगणन’ एवढ्या ओळीवरून कोणालाच काही ठरवता येत नाही. साधारण किती कोअर (प्रोसेसरमधील गणन करणारे भाग), किती मेमरी आणि किती साठवण लागेल, कोणते सॉफ्टवेअर चालवायचे आहे आणि त्याचा परवाना कोणाकडे आहे, हे अंदाजाने का होईना लिहिलेले असले, म्हणजे मंजुरी देणाऱ्याचे काम सोपे होते.

अनेक केंद्रे अर्जातच पब्लिक की, म्हणजे लॉगिनच्या वेळी ओळख पटवणाऱ्या कीच्या जोडीतील इतरांना देता येणारा भाग, मागतात, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. दुरून लॉगिन करण्यासाठी वापरला जाणारा एसएसएच हा प्रोटोकॉल १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात टाटू इलोनेन यांनी तयार केला, तोही विद्यापीठाच्या नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेल्यानंतर; त्याआधी रूढ असलेल्या टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्या मजकुरात जात असे. आपल्या संगणकावर एसएसएच-कीजेन ही आज्ञा चालवली, की दोन फायली तयार होतात. त्यांपैकी जिच्या नावाच्या शेवटी ‘.पब’ असते, तीच अर्जाला जोडायची. ईडी२५५१९ प्रकारच्या कीसाठी तिच्यात एकच लांब ओळ असते आणि ती ‘एसएसएच-ईडी२५५१९’ या अक्षरांनी सुरू होते. दुसरी फाईल, म्हणजे प्रायव्हेट की, केंद्राच्या कर्मचाऱ्यालाही पाठवायची नसते. ती चुकून पाठवली गेली असेल, तर ईमेल मागे घेण्याच्या खटपटीत न पडता नवी जोडी तयार करावी, जुनी पब्लिक की जिथे जिथे नोंदवली असेल तिथून काढायला लावावी आणि केंद्राला तसे कळवावे. प्रायव्हेट कीला पासफ्रेज, म्हणजे ती वापरताना विचारला जाणारा गुप्त शब्दसमूह, द्यावाच. लॅपटॉप हरवला तर तेवढाच आडोसा उरतो.

मंजुरीच्या ईमेलमध्ये वापरकर्त्याचे नाव आणि सर्व्हरचा पत्ता येतो. विद्यापीठाच्या आवाराबाहेरून जोडताना पुष्कळ ठिकाणी आधी व्हीपीएन, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी, सुरू करावे लागते, आणि त्यानंतर मोबाईलवरील सांकेतिक क्रमांकही विचारला जातो. पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरचा फिंगरप्रिंट, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ, पडद्यावर दिसतो आणि पुढे जायचे का, असा प्रश्न येतो. बहुतेकजण न वाचताच ‘येस’ टंकतात. केंद्राने प्रसिद्ध केलेल्या फिंगरप्रिंटशी तो ताडून पाहावा, कारण आपण खऱ्या सर्व्हरशीच जोडले जात आहोत, हे तपासण्याची संधी याच वेळी असते.

आत पोहोचल्यावर आपण लॉगिन नोडवर, म्हणजे सर्वांच्या प्रवेशासाठीच्या सामायिक संगणकावर, असतो. तिथे फायली संपादित कराव्यात, प्रोग्राम कंपाईल करावा. मोठे गणित मात्र स्लर्मसारख्या शेड्युलरमार्फत, म्हणजे कामे पाळीने चालवणाऱ्या प्रोग्राममार्फत, रांगेत लावावे. लॉगिन नोडवर तासन्‌तास चालणारी प्रक्रिया प्रशासक पूर्वसूचना न देता बंद करू शकतात, आणि तसे करणे नियमाला धरूनच असते. खाते वैयक्तिक असते. सहकाऱ्याला ‘तात्पुरते’ वापरायला देणे हाही नियमभंगच ठरतो.

खात्याची मुदत अर्जात नमूद असते आणि नूतनीकरणासाठी मार्गदर्शकाची संमती बहुधा पुन्हा लागते. स्क्रॅच विभागातील, म्हणजे तात्पुरत्या साठवणीतील, फायलींचा बॅकअप सहसा घेतला जात नाही आणि त्या ठरावीक काळाने पुसल्याही जातात. म्हणून पदवी मिळण्यापूर्वी किंवा प्रकल्प संपण्यापूर्वीच आरसिंक या फायलींची नक्कल करणाऱ्या आज्ञेने त्या आपल्याकडे उतरवून घ्याव्यात, कारण खाते बंद झाल्यावर त्याच फायलींसाठी मार्गदर्शकामार्फत नव्याने विनंती करावी लागते.