बॅटरी फुल दाखवते, मग ड्रोन लवकर का उतरतो?

(आमच्या ग्राहकांसाठी. बॅटरी तपासायला आणण्याआधी एकदा वाचावे.)

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडून रोज एकच फोन येतो. "बॅटरी फुल होते, २५.२ दाखवते, पण पूर्वीएवढं रान फवारून होत नाही. चार्जर गेलाय का बघा." चार्जर बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

सहा सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी फुल झाली की २५.२ व्होल्ट दाखवणारच. नवीही दाखवते आणि तीन हंगाम राबलेलीही. गाळ साठलेल्या विहिरीचं पाणीसुद्धा काठाला लागलेलं दिसतं. मोटर सुरू केल्यावर कळतं किती वेळ चालतेय ते. व्होल्ट ही पाण्याची पातळी झाली. गाळ मोजायचा तर चार्जरवरचे एमएएच, म्हणजे भरताना बॅटरीत किती वीज गेली तो आकडा बघा. १६,००० एमएएचची बॅटरी उतरवल्यावर अर्धा तास थांबून २२.२ व्होल्टवर असेल आणि तिथून फुल होताना पूर्वी १२,००० घेत असेल, आता त्याच पातळीवरून ९,००० च घेत असेल, तर पाव ताकद गेली. अशी बॅटरी आम्ही टाकी भरून उडवायला सांगत नाही.

पण "पूर्वी किती घेत होती?" असं विचारलं की समोरून उत्तर येतं, "एवढं कोण लिहून ठेवतं?" आमचा खरा वेळ इथे जातो. मागचं काहीच माहीत नसलं की बॅटरी पूर्ण भरून, पूर्ण उतरवून मोजावी लागते आणि एका बॅटरीला अर्धा दिवस लागतो. तपासणीचे २५० रुपये घेतो ते याचेच. नुसतं मीटर लावून "चांगली आहे" सांगायचं असतं तर फुकट सांगितलं असतं.

म्हणून प्रत्येक बॅटरीवर नंबर टाका. दोन बॅटऱ्यांवर चालणारा ड्रोन असेल तर १-अ, १-ब असं लिहा आणि जोडी मोडू नका. महिन्यातून एकदा वहीत तारीख, भरलेले एमएएच, प्रत्येक सेलचा व्होल्ट आणि आयआर, म्हणजे अंतर्गत रोध, एवढं लिहा. आयआर नेहमी त्याच चार्जरवर आणि बॅटरी गार झाल्यावर घ्या. गरम बॅटरीचा आयआर कमी दिसतो आणि खराब बॅटरीही चांगली वाटते. आकडा किती असावा, असं विचारू नका. चार्जरागणिक तो बदलतो. पहिल्या दिवसाच्या दुप्पट झाला की नवी बघायची वेळ आली, इतकं धरून चाला. रात्रभर ठेवून सकाळी एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ व्होल्टने खाली गेलेला दिसला, तर त्याच्यावर लक्ष ठेवा. हवेत तोच आधी बसतो.

"तेवढा एकच सेल बदलून द्या" ही मागणीही नेहमीची. आम्ही बदलत नाही. जुन्या पाचांत नवा सेल घातला की सेलचा आपसातला मेळ (बॅलन्स) बिघडतो आणि १०–२० फेऱ्यांत बॅटरी पुन्हा आमच्याच टेबलावर येते. बदलून देणारे आहेत, त्यांच्याकडे खुशाल जा.

ॲपमध्ये सायकल (भरून उतरवण्याच्या फेऱ्या) कमी दिसतात म्हणून निर्धास्त राहू नका. "उद्या फवारणी आहे" म्हणून फुल केली, रात्री पाऊस आला आणि बॅटरी पंधरा दिवस तशीच पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, तर न उडताच म्हातारी होते. दोन-तीन दिवसांत काम नसेल तर स्टोरेज मोडवर, सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. बेदाण्याचं काम संपल्यावर उन्हाळाभर तर नक्कीच.

दुकानात आणतानाही स्टोरेजवरच आणा. रानातून थेट, गरम गरम नको. फुगलेली असेल तर टोचू नका, दाबू नका आणि एसटीने पार्सल तर मुळीच करू नका. आधी फोन करा. जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आमच्याकडे ठेवून घेतो.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक बॅटरीसोबत नंबरचे स्टिकर आणि वही मिळते. पहिल्या दिवसाचे आकडे आम्हीच लिहून देतो आणि पहिल्या दोन तपासण्यांचे पैसे घेत नाही. दुसरीकडून घेतलेली असली तरी वही घेऊन जा. गणपतीच्या सुमारास तपासायला दिलीत तर दुसऱ्या दिवशी परत मिळते. छाटणीनंतर आलात तर चार दिवस धरून चाला.