तुमच्या बोर्डासाठी कोणती तपासणी घ्यावी?

इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डावर पार्ट बसवून घेण्यासाठी आमच्याकडे चौकशी पाठवताना बरेच ग्राहक शेवटी लिहितात, ‘१०० टक्के टेस्ट केलेले बोर्ड हवेत.’ मागणी रास्त आहे, पण टेस्ट नेमकी कोणती हे ठरल्याशिवाय त्या ओळीचा उपयोग होत नाही. प्रत्येक तपासणी काही दोष पकडते, काही तिच्या हातून सुटतात. तुमच्या बोर्डावर कोणता दोष येऊ शकतो आणि तो गिऱ्हाइकाकडे पोहोचला तर केवढ्याला पडेल, यावरून तपासणी निवडावी.

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीकडे नेहमी येणारे एक काम पाहू. द्राक्षबागेतली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणारा कंट्रोलर. त्यात एक मायक्रोकंट्रोलर, मोबाइल नेटवर्कशी जोडणारे जीएसएम मॉड्यूल, पॉवर सप्लाय आणि मोटार चालू-बंद करणारे दोन-तीन रिले असतात. असा बोर्ड नुसता चालवून पाहिला तर बहुधा पास होतो. रिलेच्या पायाला सोल्डर अर्धवट चढलेले असले तरी त्या दिवशी करंट जातो, दिवा लागतो. पुढे रोजच्या चालू-बंदने आणि पेटीतल्या उष्णतेने तो जोड तडकतो आणि रात्री थ्री फेज आल्यावर निफाडच्या शिवारात मोटार उठत नाही. म्हणून फंक्शनल टेस्टच्या, म्हणजे बोर्ड चालवून पाहण्याच्या, आधी सोल्डरिंग डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहणे आम्ही सोडत नाही.

कॅमेऱ्याची तपासणी म्हणजे एओआय (ऑटोमेटेड ऑप्टिकल इन्स्पेक्शन). पार्ट गळालेला, उलटा बसलेला, एका टोकावर उभा राहिलेला, दोन पायांत सोल्डरचा पूल झालेला, हे ती झटपट दाखवते. पण छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर काहीच छापलेले नसते. पार्ट बसवणाऱ्या मशिनवर चुकीच्या पार्टांची रीळ लागली तर कॅमेऱ्याला सगळे ठीकच दिसते. तिथे प्रोब टेकवून व्हॅल्यू मोजावी लागते. आता यातलीच दुसरी बाजू पाहा: १० मायक्रोफॅरॅडला समांतर १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर असेल, तर तो गळाल्याचे मोजमापात कळत नाही, कारण मोठ्याच्या टॉलरन्समध्ये, म्हणजे व्हॅल्यूत चालणाऱ्या फरकात, तो झाकला जातो. ते काम पुन्हा कॅमेऱ्याचे. म्हणून या दोन तपासण्यांतली एक घेतली की दुसरी नको, असे आम्ही कधीच सांगत नाही.

मोजण्याचे दोन मार्ग आहेत. फ्लाइंग प्रोबमध्ये मशिनच्या सुया फिरत बोर्डावर टेकतात; त्याला फिक्स्चर (त्या बोर्डासाठी खास बनवलेला साचा) लागत नाही, पण एकेका बोर्डाला काही मिनिटे जातात. आयसीटीमध्ये (इन-सर्किट टेस्ट) खिळ्यांच्या फिक्स्चरवर बोर्ड दाबला की काही सेकंदांत निकाल मिळतो. फिक्स्चरचा खर्च मात्र आधी करावा लागतो आणि लेआउट (बोर्डावरची मांडणी) बदलला की तेही बदलावे लागते. डिझाइन अजून हलते असेल तर फिक्स्चरमध्ये पैसे घालू नयेत, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे. डिझाइन स्थिरावले आणि दरमहा मोठा लॉट जाऊ लागला की आयसीटी परवडते. त्याची सोय आधीच ठेवता येते: प्रत्येक नेटला (एकमेकांशी जोडलेल्या पायांच्या जोडणीला) शक्यतो खालच्या बाजूला पिन टेकवण्यासाठी १ मिलिमीटरचा टेस्ट पॉइंट आणि दोन पॉइंटमध्ये २.५४ मिलिमीटर अंतर. एवढी जागा असली की जाड, टिकाऊ पिना वापरता येतात. लेआउट फायनल करण्याआधी फाइल आम्हाला दाखवा; नंतर टेस्ट पॉइंट घालायला जागाच उरत नाही.

बीजीए, क्यूएफएन यांसारखी खालून सोल्डर होणारी चिप किंवा पोटाखाली पॅड असलेले मॉड्यूल असेल तर तिथे कॅमेरा पोहोचत नाही, एक्स-रेच लागतो. तो आम्ही बाहेरून करून घेतो, त्यामुळे एखाद-दोन दिवस जादा धरावेत. पहिल्या लॉटचे नमुने एक्स-रेखाली पाहून सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनचे तापमान-प्रोफाइल पक्के केले की पुढे प्रत्येक बोर्डाला तो सहसा लागत नाही. बारीक पिचच्या, म्हणजे पाय अगदी जवळजवळ असलेल्या पार्टांच्या, बोर्डांना छापलेल्या सोल्डर पेस्टची तपासणी, म्हणजे एसपीआय, जरूर घ्यावी. ओव्हनआधी चूक दिसली तर बोर्ड पुसून पुन्हा प्रिंट करता येतो; ओव्हननंतर सोल्डरिंग गन हातात घ्यावी लागते.

कोरा बोर्ड, म्हणजे पार्ट बसवण्याआधीचा, इलेक्ट्रिकल टेस्ट करूनच घ्यावा. यात काटकसर करू नये.

बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, त्यात मोरचूद असते. त्यापासून वाचवायला तिथे जाणाऱ्या बोर्डाला वरून संरक्षक कोटिंग लागते आणि ते सगळीकडे बसले का हे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पाहतो. कोटिंग नेहमी टेस्टनंतर, कारण त्यातून प्रोब टेकत नाही. फंक्शनल टेस्टही फक्त २३० व्होल्टवर न घेता तुमच्या डिझाइनच्या किमान आणि कमाल व्होल्टेजवर घ्यावी. शेतावरचा पुरवठा कायम कमी-जास्त होत असतो.

चौकशीसोबत गर्बर (बोर्ड बनवण्याच्या फाइल), बीओएम (पार्टांची यादी), वर्षाची अंदाजे संख्या आणि बोर्ड कुठे बसणार हे कळवावे. जोडलेल्या बोर्डांच्या दर्जाचे मानक असलेल्या आयपीसी-ए-६१० चा कोणता क्लास हवा तेही लिहावे. न लिहिल्यास औद्योगिक मालासाठी आम्ही क्लास २ धरतो. फंक्शनल टेस्टसाठी फर्मवेअर (मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्राम) आणि तुम्ही स्वतः तपासलेला एक चालू बोर्ड द्यावा, त्यावर आमचे टेस्ट जिग (तपासणीची जोडणी) जुळवून घेतो.